बारावं बेअरिंग

चाकाचं बेअरिंग ठोकून बसवायचं नसतं, दाबून बसवायचं असतं. एवढंच तिने भर गॅरेजात, चार गिऱ्हाइकांच्या देखत फोरमनला ऐकवलं होतं. ते त्याला जे झोंबलं ते झोंबलंच.

गॅरेजात तिला सगळे पानेवाली म्हणायचे. आठ वर्षं काढली होती तिने तिथे. नट कितीही गंजलेला असो, पाना लावायच्या आधी ती त्यावरून एकदा अंगठा फिरवायची आणि मग तो नट मुकाट्याने सुटायचा. फोरमन नव्या माणसांना सांगायचा, "हिच्याकडे बघा जरा." पण त्या दिवशी तिने खोलून ठेवलेल्या चाकापाशी तो एक जाड लोखंडी पाइप आणि मोठा हातोडा घेऊन आला. बेअरिंग दाबून बसवायच्या, कोपऱ्यातल्या प्रेसमधून तेल गळत होतं, तो दाब धरत नव्हता, आणि गाडी संध्याकाळी द्यायची होती.

"असं ठोकू नका," ती म्हणाली. "आतल्या गोळ्यांना मार बसेल. हे दाबूनच बसवायला हवं."

"तुझ्या डोक्यावर जितके केस आहेत ना, तितकी बेअरिंगं बसवलीत मी."

"मग इतक्या वेळात कळायला हवं होतं."

बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांपैकी एकजण खुदकन हसला. फोरमनने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाइप बेअरिंगवर टेकवला आणि घणाघण घाव घालायला सुरुवात केली.

गाडी चित्रकला शिकवणाऱ्या एका बाईंची होती. महिन्याभराने एका उतारावर ते चाक जाम झालं आणि गाडी दगडी भिंतीवर जाऊन आदळली. बाई वाचल्या, पण उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं. हाड सांधलं, हात पूर्वीसारखा वळेना. ब्रश धरला की बोटं थरथरायची.

चाक खोलणाऱ्याने कामाच्या कार्डावर सही करायची, अशी गॅरेजात पद्धत होती. खोललं तिने, ठोकलं त्याने आणि सही तिची. गॅरेजच्या मालकाने दोघांना समोर उभं केलं तेव्हा फोरमनने कार्ड पुढे सरकवलं आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "मी तेव्हा दुसऱ्या गाडीवर होतो. नट नीट आवळला नसेल तिने. शेवटी बाईमाणसाच्या हातात जोर तो किती असणार?"

मोडलेलं बेअरिंग तिने मागितलं, तर ते आदल्याच दिवशी भंगारात गेलं होतं. मालकाने तिला दुपारच्या आत कपाट रिकामं करायला सांगितलं. ती गावातल्या दुसऱ्या गॅरेजांत गेली, तर तिच्याआधी फोरमनचा फोन तिथे पोचलेला असायचा. या सगळ्यापेक्षा एक गोष्ट तिच्या काळजाला घरं पाडून गेली. एकदा ती दुकानातून बाहेर पडत असताना चित्रकलेच्या बाई समोरून आल्या. त्यांनी तिला ओळखलं, हातातली पिशवी छातीशी धरली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या.

त्या दिवसापासून तिने फोरमनवर डूख धरला.

तिला कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त करायचं काम मिळालं. नवरा बेकरीत होता, पहाटे जायचा आणि दुपारी येऊन झोपायचा. तो म्हणायचा, "सोड आता. जळतेस तू आणि त्याला झळसुद्धा लागत नाही." सासूबाई मात्र भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "सोडायचं कशाला? आमच्या कोर्टात लोक कुंपणाच्या चार बोटांसाठी वीस वीस वर्षं तारखांना यायचे. तुझं तर नाव गेलंय."

सासूबाईंनी कोर्टात एकतीस वर्षं कारकुनी केली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी दूधवाल्याशी बोलतानासुद्धा त्यांना तारीख लागायची.

एक वाहन दुरुस्तीची शाळा बंद पडली आणि तिथल्या सामानाचा लिलाव झाला. पानेवालीने एक जड पेटी उचलून आणली. नवऱ्याने विचारलं, "यात काय, प्रेत आहे का?" आत बेअरिंग काढायचा आणि बसवायचा संपूर्ण संच होता. अंगठ्याएवढा जाड, आटे पाडलेला दांडा, लहानमोठ्या पोलादी वाट्या आणि चकत्या, चाक ज्यावर बसतं तो हब ओढून काढायचा तीन पायांचा पुलर. शिवाय हातभर लांबीचा टॉर्कपाना, नट नेमका हवा तितकाच आवळला की कट्ट वाजणारा. या संचाने बेअरिंग बदलायला कारखान्यातला मोठा प्रेस लागत नाही. दांडा बेअरिंगच्या भोकातून आरपार घालायचा, दोन्ही बाजूंना योग्य मापाच्या वाट्या लावायच्या आणि नट फिरवत राहायचं. नट फिरतो तसं बेअरिंग केसाकेसाने, सरळ, आपल्या जागी जाऊन बसतं. हातोडा लागत नाही. वाटी मात्र बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावरच टेकली पाहिजे. आतल्या कड्यावर टेकली तर सगळा जोर गोळ्यांवर येतो.

घराला लागून पत्र्याची शेड होती. तिथे तिने आधी नवऱ्याच्या जुन्या गाडीचं बेअरिंग बदललं. मग बेकरीतल्या एका माणसाचं, मग त्याच्या मेहुण्याचं. गाडी वेगात गेली की खालून घुंईऽऽ असा आवाज येतो, वळणावर तो वाढतो, एवढीच तक्रार घेऊन लोक येऊ लागले. ती सुट्टीच्या दिवशी काम करायची. चाक काढायचं, ब्रेक सोडवून तारेने वर टांगायचा, मधला नट सोडवायचा, पुलर लावायचा आणि हब हलके हलके ओढून काढायचा. हब बाहेर आला की आतलं बेअरिंग उघडं पडतं.

चौथी गाडी एका नर्सबाईंची होती. पानेवालीने हब ओढला, विजेरी मारली आणि ती तशीच उकिडवी बसून राहिली. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर चंद्रकोरीसारखे घाव होते, गोल पाइपच्या काठाचे. त्यांतल्या प्रत्येक घावात एका जागी एक बारीकसा उंचवटा सुटलेला होता. पाइपच्या काठाचा टवका उडालेला असेल, तर तेवढी जागा घावात उमटत नाही, तसा.

"हे बेअरिंग कुठे बदललं होतं?" तिने विचारलं.

नर्सबाईंनी गाडीच्या खणातून कार्ड काढून दिलं. तेच गॅरेज. कामाचं वर्णन, 'बेअरिंग बदलले, प्रेसवर बसवले.' आता तिथे दुसरं कुणी धड हाताखाली नसल्यामुळे सहीसुद्धा फोरमनचीच.

तिने बेअरिंग दाबून बाहेर काढलं, गोळ्या मोकळ्या केल्या, रॉकेलने धुतल्या. कड्याच्या आतल्या चकचकीत वाटेवर सारख्या सारख्या अंतरावर खड्डे होते. प्रत्येक गोळीखाली एक. हबही वरून हातोड्यानेच ठोकलेला, घाव गोळ्यांमधून गेलेले.

तिने सासूबाईंना हाक मारली. त्या चष्मा पुसत आल्या.

"आई, हा त्याचाच पाइप आहे. मला तो पाइप माहीत आहे."

सासूबाईंनी कडं उजेडाकडे धरलं. "तुला माहीत असून काय उपयोग? समोरचा म्हणेल, काढताना तूच खड्डे पाडलेस."

"नवे खड्डे लखलखीत दिसतात. याच्या कडा बघा, गोळ्या त्यावरून फिरून फिरून घासल्यात. कातडी निघावी तसं लोखंड निघालंय."

"ते तुला कळतं. लोकांना बोट ठेवायला काहीतरी लागतं." त्या नर्सबाईंकडे वळल्या. "बाई, पुढच्या वेळी... नाही, पुढची वेळ कशाला, दुसरं चाक आत्ताच खोलते ही. बेअरिंग जागेवर असतानाच फोटो काढू. फोटोत तुमचं बोट आणि गाडीचा नंबर दोन्ही यायला हवं. मग इथे सही करा."

दुसऱ्या चाकातही तेच निघालं.

पुढच्या दीड वर्षात त्या शेडमध्ये बऱ्याच गाड्या आल्या. ज्यांत पाइपचा घाव निघाला, त्या गाडीचं एक एक बेअरिंग काचेच्या बरणीत गेलं. बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, गाडीचा नंबर, गाडीवाल्याची सही, साक्षीदार म्हणून सासूबाईंची सही आणि सोबत गॅरेजचं कार्ड. शिवाय सासूबाई हे सगळं एका वहीत उतरवून ठेवायच्या. लोक स्वतःहून कार्ड द्यायचे, उलट विचारायचे, "कधी जाब विचारायचा?" ती म्हणायची, "अजून थांबा." जसजशा बरण्या वाढत गेल्या, तसतशी तिला भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. नवरा म्हणायचा, "लोक लोणची घालतात, आमच्या घरी फोरमन घालतात."

अकरा बरण्या झाल्या आणि एका शनिवारी सकाळी शेडसमोर फोरमनची बायको येऊन उभी राहिली.

पानेवाली तिला वहिनी म्हणायची. पूर्वी गॅरेजात डबा घेऊन यायची ती. आता केस पुढून पांढरे झाले होते. गाडीच्या दारावर हात ठेवूनच ती बोलली.

"तुम्ही घरी बेअरिंगं बदलता असं ऐकलं. फार आवाज येतो. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. मला भीती वाटते आता."

"घरात फोरमन असताना माझ्याकडे?"

"त्यांना तो आवाज ऐकूच येत नाही. कान गेलेत त्यांचे. मी सांगितलं तर म्हणतात, टायरचा आवाज आहे." तिने एका चाकाकडे बोट दाखवलं. "चार महिन्यांपूर्वी त्यांनीच बदललं होतं."

पानेवालीच्या मनात त्या क्षणी काय काय आलं, ते तिने नंतर सासूबाईंनाही सांगितलं नाही. जा म्हणावं. हसावं. काम घ्यावं आणि बेअरिंग अडवणारी स्प्रिंगची गोल क्लिप परत बसवायची विसरावी. हे शेवटचं मनात आलं तेव्हा तिला स्वतःचीच शिसारी आली. पण आलं होतं, हे खरं.

"गाडी आत घ्या," ती म्हणाली.

तिने जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं. चाक खुळखुळ्यासारखं हललं. वहिनी बाजूच्या स्टुलावर बसली. हब निघाला, विजेरी पडली. कड्यावर तेच चंद्रकोरीसारखे घाव, तोच सुटलेला उंचवटा. फक्त या वेळी घाव जास्त होते. घाईत, चिडून मारल्यासारखे.

"वहिनी, इकडे या. बघा. आईला ज्या गाडीतून नेता, तिचं चाक असं ठोकलंय."

वहिनी वाकली. तिने घावांवरून बोट फिरवलं. मग तिची नजर फळीवरच्या बरण्यांकडे गेली. सासूबाईंनी वही उघडून तिच्यापुढे धरली. वहिनीने पानं उलटली. नंबर, तारखा, सह्या, प्रत्येक नोंदीत नवऱ्याचं नाव. बराच वेळ ती वाचत राहिली.

"त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नव्हते," ती वहीत बघतच म्हणाली. "त्या बाईंचा अपघात झाला ना, त्या दिवशी. म्हणाले, ते माझ्या हातचं होतं, त्या पोरीचं नाही."

पानेवालीच्या हातातून फडकं पडलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तीन वर्षं."

"माझं घर होतं," वहिनी म्हणाली. तिचे डोळे कोरडेच होते. "मालक प्रेस दुरुस्त करेना. यांनी दोनदा सांगून बघितलं, तिसऱ्यांदा मालक म्हणाला, जमत नसेल तर दुसरा फोरमन बघतो. मग हे गप्प बसले. मीही बसले."

"आणि रस्त्यावर आले मी."

पानेवाली खाली बसली आणि कामाला लागली. घासलेली जागा तिने पुसून लख्ख केली, नव्या बेअरिंगची, चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची बाजू आतल्या अंगाला आहे ना ते दोनदा पाहिलं, दांडा घातला, वाट्या लावल्या, नट फिरवायला घेतला. दात-ओठ खात ती ते बेअरिंग बसवत होती, पण ते केसाचाही तिरपेपणा न होता आत गेलं. क्लिप खाचेत टक्कन बसली. हब आला, मधला नट आला, टॉर्कपाना कट्ट वाजला. तिने चाक हातानेच फिरवलं. आवाज नाही.

सासूबाईंनी पेन पुढे केलं.

"सही मागू नका," वहिनी म्हणाली. "आणि त्यांना सांगू नका मी आले होते म्हणून. एवढं करा माझ्यासाठी."

"नाही सांगणार," पानेवाली म्हणाली. आणि जुनं बेअरिंग तिने फडक्यात गुंडाळून खिशात घातलं.

गाडी गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "शब्द दिलास तिला."

"दिला."

"पाळणार आहेस?"

"माहीत नाही, आई."

ती त्याच दुपारी चित्रकलेच्या बाईंच्या घरी गेली. बाईंनी दार अर्धंच उघडलं. ती दारातूनच म्हणाली, "मला आत घेऊ नका. सोमवारी सकाळी दहा वाजता गॅरेजात या, एवढंच सांगायला आले. तुमच्या गाडीचं बेअरिंग कुणी बसवलं ते तिथे कळेल. नाही कळलं, तर परत कधी तोंड दाखवणार नाही."

सोमवार निवडला, कारण त्या दिवशी विमा कंपनीचा माणूस पंधरवड्याची कामं बघायला गॅरेजात यायचा, आणि बाकंही गिऱ्हाइकांनी भरलेली असायची.

दहाला पाच कमी असताना ती आत शिरली. मागे पिशव्या घेऊन सासूबाई, नर्सबाई आणि आणखी सात गाडीवाले. उरलेल्यांनी सह्या दिल्याच होत्या. पानेवालीने काउंटरवरचं कॅलेंडर बाजूला सारलं आणि बरण्या ओळीने मांडायला घेतल्या. प्रत्येक बरणीपुढे तिचं कार्ड. मालक आतल्या खोलीतून चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आला.

"हा काय बाजार मांडलायस?"

"तुमचाच माल आहे. बघून घ्या."

विम्याचा माणूस उत्सुकतेने पुढे सरकला. फोरमन एका गाडीखालून बाहेर आला, हात पुसत. तो म्हातारा झाला होता. तिला वाटलं होतं, त्याला बघून आतून पेटून उठेल. प्रत्यक्षात डोकं बर्फासारखं थंड होतं.

ती मोठ्याने बोलली, त्याला ऐकू जावं म्हणून आणि सगळ्यांनाच ऐकू जावं म्हणूनही. "ही अकरा बेअरिंगं. कार्डावर लिहिलंय, प्रेसवर बसवलं. सही तुमची. आता सगळ्यांसमोर एक बेअरिंग प्रेसवर बसवून दाखवा. नवं बेअरिंग मी आणलंय."

"आज प्रेसमध्ये तेल नाही," फोरमन म्हणाला.

"आज नाही की तीन वर्षांपासून नाही?"

"हे बघ, बाजारातच हलका माल येतोय. खराब निघाला तर त्याला मी काय करू? आणि काढताना तूच ठोकलं असशील. तुझी सवय माहीत आहे सगळ्यांना."

सासूबाईंनी फोटोंची चळत विम्याच्या माणसाच्या हातात दिली. "बेअरिंग गाडीतच आहे, बाहेर काढलेलं नाही. गाडीवाल्याचं बोट दिसतंय, नंबर दिसतोय. घाव मोजून घ्या."

पानेवाली सरळ चालत प्रेसपाशी गेली. भिंतीवर खिळ्याला तो पाइप लटकत होता. तिने तो काढून आणला, पहिल्या बरणीतलं कडं काउंटरवर ठेवलं आणि पाइपचा काठ घावावर टेकवला. थोडा फिरवला. टवक्याची जागा उंचवट्यावर बरोबर बसली. मग दुसरं कडं. मग तिसरं. चौथ्याला विम्याचा माणूस म्हणाला, "द्या इकडे, मी बघतो," आणि पुढची सगळी त्याने स्वतः जुळवून पाहिली.

मालकाचा चहा तसाच हातात होता.

"पाइप काय, प्रत्येक गॅरेजात असतो," फोरमन म्हणाला. त्याचा आवाज चढला. "कालची पोरगी, मला शिकवते! या हातांनी कधी कुणाचं वाईट केलं नाही. त्या वेळीही बाईमाणसाने नट ढिला ठेवला आणि नाव माझं..."

तोवर तिचा हात खिशात गेला होता.

तिने फडकं काउंटरवर उलगडलं. "हे बारावं. हे तुमच्या घरच्या गाडीचं. हिच्यातून तुमच्या सासूबाई आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जातात. शनिवारी मी ते चाक हाताने हलवलं, तर खुळखुळ्यासारखं हलत होतं."

फोरमनने कडं उचललं. त्याने पाइप लावून बघितला नाही. अंगठा फिरवला फक्त, आणि त्याचं तोंड उघडं राहिलं. मग तो तिच्याकडे नाही, मालकाकडे वळला.

"सांगितलं होतं ना मी? प्रेस दुरुस्त करा म्हणून दोनदा सांगितलं होतं की नाही?"

"मला कुणी काही सांगितलेलं नाही," मालक म्हणाला, विम्याच्या माणसाकडे बघत.

"दुसरा फोरमन बघतो म्हणालात! माझ्या तोंडावर म्हणालात!"

दोघांची जुंपली. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर यायला लागलं, एकमेकांच्या अंगावर टाकत. मग मागच्या बाकावरून कुणीतरी उठलं आणि दोघेही थांबले. चित्रकलेच्या बाई होत्या. कधी येऊन बसल्या, कुणालाच कळलं नव्हतं.

त्या फोरमनसमोर आल्या. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला होता.

"तुम्ही दवाखान्यात मला भेटायला आला होता," त्या म्हणाल्या. "फळं घेऊन. खुर्ची ओढून बसलात. म्हणालात, त्या मुलीला आम्ही काढून टाकलं. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

फोरमनने कानाला हात लावला, ऐकू आलं नाही असा. बाईंनी तेवढ्याच शांतपणे, पण मोठ्याने, तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी त्याने मान हलवली. हो म्हणून.

बाहेर आल्यावर बाई फूटपाथवर तिच्यापाशी थांबल्या. "तुला बघून मी रस्ता बदलायचे."

"माहीत आहे."

"मला वाईट वाटतंय."

"वाटू दे," पानेवाली म्हणाली. तिला उदार व्हायचं नव्हतं, निदान त्या दिवशी. बाईंनी ते समजून घेतलं असावं. त्या मान हलवून गेल्या.

गाडीवाल्यांनी मिळून परिवहन खात्यात तक्रार दिली. विमा कंपनीने त्या गॅरेजला काम देणं बंद केलं. मालकाने आठवड्याच्या आत फोरमनला काढलं, नवा प्रेस आणला आणि पानेवालीला फोन केला. ती इस्त्रीचे कपडे घालून गेली. आतल्या खोलीत बसली, चहा घेतला. मालक म्हणाला, फोरमनची जागा तिला द्यायची आहे.

"मला नीट ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "पुन्हा सांगा."

त्याने पुन्हा सांगितलं. मग ती म्हणाली, "हे जरा बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगाल का?" तो बाहेर आला, घसा खाकरला आणि कामगारांसमोर तेच तिसऱ्यांदा म्हणाला. तिने पर्स खांद्याला लावली. "नको," म्हणाली आणि घरी आली. तो आनंद तिला चांगला पुरला. सासूबाईंनी तो प्रसंग शेजाऱ्यांना इतक्या वेळा सांगितला, की शेजारी त्यांना पाहून घाईत असल्याचं दाखवू लागले.

वहिनी दोन महिन्यांनी आली. शेडमध्ये पाऊल न टाकता, उन्हातच उभी राहून बोलली.

"सांगणार नाही म्हणाला होतात."

"हो."

"त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, तू तिच्याकडे गेलीस."

पानेवालीच्या जिभेवर बरंच होतं. तीन वर्षं तुम्ही माझ्याशी कुठे बोललात, वगैरे. पण तिने शब्द दिला होता आणि मोडला होता, त्याला दुसरं नाव नव्हतं.

"दुसऱ्या बाजूचं चाक कधी करून देता?" वहिनीने विचारलं. "माफ करायला नाही आले. तुमच्याइतकं नीट कुणी बसवत नाही, म्हणून आले. आईचा प्रश्न आहे."

"पुढच्या शनिवारी आणा."

फोरमनला कुठल्याच गॅरेजाने घेतलं नाही. शेवटी तो हमरस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानात लागला, हवा भरायला. हे कळल्यावर पानेवाली त्याच आठवड्यात गाडी घेऊन तिथे गेली. टायरात हवा व्यवस्थित होती. ती काच खाली करून म्हणाली, "चारही चाकं बघा." तो नळी ओढत चारही चाकांपाशी वाकला आणि उठला. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यातही.

नवरा म्हणाला, "आपल्या गाडीला इतकी हवा लागत नाही."

"मला लागते," ती म्हणाली.

चौथ्या खेपेला तो पुढच्या चाकापाशी वाकला आणि सवयीने त्याने चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. अजिबात हललं नाही. त्याने पुन्हा हलवलं. मग तो तिच्या खिडकीपाशी आला. नळी हातातच होती.

"आमच्या गाडीचं दुसरं बेअरिंग तू करतेयस म्हणे. शनिवारी."

"हो."

तो काहीतरी जुळवत उभा राहिला. मागून दुसऱ्या गाडीने भोंगा वाजवला, तो त्याला ऐकू आला नाही.

"नीट बसव," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. दीड वर्ष जमवलेलं, शेडमध्ये एकटीने पाठ केलेलं, असं कितीतरी त्याच्या तोंडावर मारता आलं असतं.

"हे तुम्ही मला सांगताय?" ती म्हणाली.

फोरमनने मान खाली घातली आणि उरलेल्या तीन चाकांची हवा बघायला गेला. ती आरशातून बघत राहिली. त्याने एकेका टोपणाचे आटे काळजीने लावले, चौथं जरा तिरकं लागलं तर काढून पुन्हा लावलं. तिला थांबायची गरज नव्हती. तरी तो मागे सरून हात वर करेपर्यंत ती थांबली, आणि मग गाडी रस्त्यावर घेतली.